परांची भाड्याने घेताना : गुरुग्रामच्या उंच इमारती आणि सुरक्षेचा करार

दिल्लीलगतच्या गुरुग्राम शहरात गेल्या पंचवीस वर्षांत उंच निवासी इमारतींची मोठी वाढ झाली. त्यांतील सुरुवातीच्या काळात उभ्या राहिलेल्या अनेक इमारतींना आता दुरुस्ती, गिलावा आणि बाहेरच्या रंगकामाची आवश्यकता भासू लागली आहे. अशा कामांत इंजिनिअर, सिमेंट आणि रंगाची निवड यांवर बरीच चर्चा होते. मात्र, ज्या तात्पुरत्या सांगाड्यावर उभे राहून कामगार हे सर्व काम करणार असतो, त्या परांचीचा विचार बहुधा शेवटी आणि तोही केवळ दराच्या अंगाने केला जातो. स्कॅफोल्डिंग या नावाने परिचित असलेली ही सेवा भाड्याने घेताना काय पाहावे आणि त्यामागील शास्त्र व कायदा काय सांगतो, याची माहिती या लेखात दिली आहे.

मराठीत परांची, जुन्या भाषेत पहाड आणि उत्तर भारतात पाड अशा नावांनी ओळखला जाणारा हा सांगाडा काम संपताच उतरवला जातो. तो कायमस्वरूपी नसल्याने त्याचा आराखडा काढण्याची गरज नाही, असा समज सर्वत्र आढळतो. प्रत्यक्षात कायम इमारतीपेक्षा परांची अधिक नाजूक असते. ती वारंवार जोडली व सोडली जाते, तिचे सुटे भाग अनेक ठिकाणी वापरून झालेले असतात आणि तिच्यावरील भार दररोज बदलतो.

दुर्घटनांचा इशारा

२ ऑगस्ट २०२२ रोजी गुरुग्रामच्या सेक्टर ७७ मधील बांधकाम सुरू असलेल्या एका इमारतीत टॉवर क्रेनच्या कामात गुंतलेले कामगार सतराव्या मजल्याच्या उंचीवरून खाली पडले. त्यात चौघांचा मृत्यू झाला. त्याच वर्षी १० फेब्रुवारी रोजी सेक्टर १०९ मधील चिंटल्स पॅराडिसो या संकुलात सहाव्या मजल्यावरील घराचा भाग कोसळत खालच्या मजल्यांपर्यंत गेला आणि दोन महिलांचा मृत्यू झाला. ही घटना परांचीशी संबंधित नव्हती. तथापि, तिच्यानंतर शहरातील अनेक संकुलांच्या संरचनात्मक तपासणीचा प्रश्न ऐरणीवर आला आणि त्यातून दुरुस्तीच्या कामांकडे लक्ष वेधले गेले. दुरुस्ती म्हटली की परांची आलीच.

महाराष्ट्रालाही असे प्रसंग नवे नाहीत. पुण्यातील बालेवाडी येथे २९ जुलै २०१६ रोजी बांधकाम सुरू असलेल्या इमारतीच्या वरच्या मजल्यावरील स्लॅब कोसळून ९ कामगार मृत्युमुखी पडले. मुंबईतील बोरिवली येथे २०२४ मध्ये उंच इमारतीची परांची कोसळून तीन कामगारांचा मृत्यू झाला.

या घटनांची कारणे वेगवेगळी असली तरी त्यांतून एक भेद लक्षात घ्यावा लागतो. ओल्या काँक्रीटचे वजन पेलण्यासाठी खाली उभारलेले टेकू, म्हणजे सेंट्रिंग अथवा शटरिंग, ही एक गोष्ट. आणि माणसे व साहित्य उंचीवर नेण्यासाठी उभारलेली परांची ही दुसरी गोष्ट. दोन्हींसाठी अनेकदा तेच पाइप आणि तेच ठेकेदार वापरले जातात. परंतु दोन्हींवरील भार आणि त्यांचे मानक वेगळे आहेत. पहिल्यासाठी भारतीय मानक १४६८७, तर दुसऱ्यासाठी मानक ३६९६ आणि पोलादी नळ्यांच्या परांचीसाठी मानक ४०१४ आहे. निविदेत 'स्कॅफोल्डिंग व शटरिंग' असे एकत्र लिहून एकच दर मागवणे हीच गोंधळाची सुरुवात ठरते.

सांगाडा उभा राहतो कसा

परांचीचे मुख्य भाग मोजकेच आहेत. जमिनीवर बेस प्लेट, तिच्यावर उभे खांब, खांबांना लांबीच्या दिशेने जोडणारे आडवे दांडे म्हणजे लेजर, रुंदीच्या दिशेने जोडणारे ट्रान्सम, सांगाडा झुकू नये म्हणून तिरके दांडे, इमारतीशी बांधून ठेवणारे टाय आणि शेवटी उभे राहण्यासाठी फळ्या. कमी उंचीच्या कामासाठी तयार एच फ्रेमची परांची वापरतात. मोठ्या कामांवर कपलॉक अथवा रिंगलॉक या पद्धती आढळतात. त्यांत जोडणीच्या जागा खांबावर आधीच ठरलेल्या असल्याने चुकीला वाव कमी राहतो. साध्या पाइप-क्लॅम्पच्या परांचीत प्रत्येक सांधा कामगाराच्या हातावर आणि पान्यावर अवलंबून असतो.

या सांगाड्याचे बळ पाइपाच्या जाडीवर अवलंबून असते, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. ते खरे असले तरी अपुरे आहे. बारीक आणि लांब खांब चिरडून मोडत नाही, तो वाकून मोडतो. वाकण्याला विरोध करण्याची त्याची क्षमता दोन आडव्या दांड्यांमधील अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात बदलते. दर २ मीटरवर असलेला आडवा दांडा साहित्य आत घेण्यास अडथळा होतो म्हणून कोणी काढून टाकला, तर खांबाची मोकळी लांबी ४ मीटर होते आणि त्याची क्षमता सुमारे एक चतुर्थांशावर येते. खालून पाहणाऱ्याला मात्र केवळ एक दांडा कमी झालेला दिसतो. म्हणूनच परांचीत बदल करण्याचा अधिकार ती उभारणाऱ्या प्रशिक्षित माणसालाच असावा, ही अट करारात स्पष्टपणे लिहिणे आवश्यक ठरते.

पाइपाची जाडी तपासण्यासाठी प्रयोगशाळेची गरज नाही, साधा वजनकाटाही पुरतो. परांचीसाठी सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या पाइपाचा बाहेरील व्यास ४८.३ मिलिमीटर असतो. त्याची जाडी ३.२ मिलिमीटर असेल तर ६ मीटर लांबीच्या पाइपाचे वजन साधारण २१ किलो भरते. जाडी २ मिलिमीटर असेल तर तेच वजन सुमारे १४ किलो भरते. दोन्ही पाइप दिसायला सारखेच असतात. आलेल्या मालातील चार-पाच पाइप जागेवरच तोलून पाहिल्यास ठेकेदाराने दिलेल्या शब्दाची खातरजमा होऊ शकते. गंजलेले, चेमटलेले, वाकलेले अथवा वेल्डिंग करून लांबी वाढवलेले पाइप वेगळे काढावेत. क्लॅम्पचे आटे झिजलेले नाहीत, हेही पाहावे.

भार किती, हे आधी ठरवावे

रंगकामाची परांची आणि वीटकामाची परांची एकच असू शकत नाही. युरोपीय मानकांत परांचीचे वर्ग पाडलेले आहेत. त्यांतील दुसऱ्या वर्गात दर चौरस मीटरला सुमारे १५० किलो, तिसऱ्यात २०० किलो आणि चौथ्यात ३०० किलो भार गृहीत धरला जातो. एका विटेचे वजन सुमारे ३ किलो धरले, तर एक चौरस मीटर जागेवर रचलेल्या १०० विटाच ३०० किलो होतात. त्यात कामगाराचे आणि मसाल्याच्या घमेल्यांचे वजन मिळवले की चौथ्या वर्गाची मर्यादाही ओलांडली जाते. त्यामुळे कोणते काम होणार, एका वेळी किती मजल्यांच्या पातळीवर होणार आणि फळ्यांवर किती साहित्य ठेवले जाणार, हे ठेकेदाराला लेखी कळवणे ही काम देणाऱ्याची जबाबदारी ठरते. त्यावरून काढलेली भारमर्यादा परांचीवर वाचता येईल अशा फलकावर, हिंदीतून आणि आवश्यक तर चित्राच्या साहाय्याने लावावी. गुरुग्राममधील बांधकाम मजुरांत बिहार, उत्तर प्रदेश, झारखंड, पश्चिम बंगाल अशा राज्यांतून आलेल्यांची संख्या मोठी आहे. केवळ इंग्रजीतील फलक त्यांच्या उपयोगाचा नाही.

वारा, धूळ आणि हिरवी जाळी

दिल्ली परिसरातील परिस्थितीमुळे येथे आणखी एक अडचण निर्माण होते. हवेच्या प्रदूषणामुळे बांधकामाची धूळ बाहेर जाऊ नये म्हणून परांचीवर हिरवी जाळी अथवा ताडपत्री लावावी लागते. आरोग्याच्या दृष्टीने ती आवश्यकच आहे. परंतु जाळी लावताच मोकळ्या सांगाड्याचे रूपांतर शिडात होते.

भारतीय मानकांनुसार वाऱ्याचा दाब त्याच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ७२ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला २० मीटर वेगाचा वारा दर चौरस मीटरवर सुमारे २४ किलोचा दाब देतो. २० मीटर रुंद आणि ३० मीटर उंच भाग पूर्णपणे ताडपत्रीने झाकलेला असेल, तर त्यावरील एकूण दाब १४ टनांहून अधिक होतो. सच्छिद्र जाळीवर तो कमी असतो, पण शून्य नसतो. एप्रिल ते जून या काळात उत्तर भारतात अचानक येणाऱ्या धुळीच्या वादळांत, ज्यांना तेथे आंधी म्हणतात, याहून अधिक वेगाचे झोतही येतात. वाऱ्यापुढे मोठा पृष्ठभाग उभा केल्यास काय होऊ शकते, हे १३ मे २०२४ रोजी मुंबईतील घाटकोपर येथे महाकाय जाहिरात फलक कोसळून १७ जणांचा मृत्यू झाला तेव्हा महाराष्ट्राने पाहिले आहे.

यावर उपाय म्हणजे इमारतीशी बांधणाऱ्या टायची संख्या वाढवणे. जाळी नसलेल्या परांचीसाठी केलेला आराखडा जाळी लावल्यावर तसाच चालत नाही. ठेकेदाराला 'जाळी धरून हिशेब केला आहे काय' हा एकच प्रश्न विचारला तरी त्याच्या जाणकारीचा अंदाज येतो. टाय खिडकीच्या ग्रिलला, पावसाच्या पाण्याच्या नळाला अथवा सैल झालेल्या गिलाव्यात बांधलेले नसावेत. ते पक्क्या काँक्रीटमध्ये बसवलेले असावेत. जुन्या इमारतीत ते ओढून तपासून पाहावेत.

हिवाळ्यात प्रदूषणाची पातळी वाढल्यास टप्प्याटप्प्याच्या कृती आराखड्यानुसार, म्हणजेच 'ग्रॅप'अंतर्गत, दिल्ली राष्ट्रीय राजधानी क्षेत्रातील बांधकामांवर निर्बंध येतात. त्या काळात परांची अनेक दिवस वापराविना उभी राहते. काही पाइप, क्लॅम्प वा फळ्या अन्यत्र हलवल्या जाण्याचीही शक्यता असते. निर्बंध उठताच कामाची घाई सुरू होते. नेमक्या त्याच वेळी, पहिला कामगार वर चढण्यापूर्वी, संपूर्ण परांचीची नव्याने तपासणी होणे अत्यावश्यक आहे.

जाळी निवडताना आगीचाही विचार करावा. हाँगकाँगमधील ताइ पो येथील वांग फुक कोर्ट या निवासी संकुलात २६ नोव्हेंबर २०२५ रोजी नूतनीकरण सुरू असताना लागलेल्या आगीत दीडशेहून अधिक लोकांचा मृत्यू झाला. इमारतींभोवती बांबूची परांची आणि जाळी होती, तर खिडक्यांवर फोमचे तक्ते लावलेले होते. जाळीचे काही नमुने अग्निरोधक मानकांत उतरले नसल्याचे तपासात आढळले. ज्या इमारतीत कुटुंबे राहत आहेत, तिला परांची बांधताना अग्निरोधक जाळीचे प्रमाणपत्र मागणे, आपत्कालीन दरवाजे व जिने मोकळे ठेवणे आणि परांचीवर धूम्रपान वा वेल्डिंगवर नियंत्रण ठेवणे, या गोष्टी रहिवाशांच्याही जिवाशी निगडित आहेत.

कायदा काय सांगतो

बांधकाम कामगारांच्या सुरक्षेसाठी १९९६ मध्ये इमारत व इतर बांधकाम कामगार कायदा करण्यात आला. त्याखालील केंद्रीय नियम १९९८ मध्ये, तर हरियाणाचे नियम २००५ मध्ये करण्यात आले. परांचीची उभारणी, बदल आणि उतरवणी जबाबदार व्यक्तीच्या देखरेखीखाली व्हावी, वापरापूर्वी तसेच बदल, वादळ अथवा भूकंपाचा धक्का यांनंतर तिची तपासणी व्हावी, अशा तरतुदी केंद्रीय नियमांत आहेत. हा कायदा व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहिता, २०२० मध्ये समाविष्ट करण्यात आला असून ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आहे. संहितेनुसार २५० अथवा त्याहून अधिक कामगार असलेल्या बांधकामावर सुरक्षा अधिकारी नेमणे बंधनकारक आहे. पूर्वीच्या नियमांत ही संख्या ५०० होती.

गृहसंकुलाच्या दुरुस्तीवर एवढे कामगार क्वचितच असतात. त्यामुळे अशा कामावर पूर्णवेळ सुरक्षा अधिकारी असेलच असे नाही. ही उणीव करारातूनच भरून काढावी लागते. निष्काळजीपणामुळे मृत्यू ओढवल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ नुसार पाच वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे. काम ठेकेदाराकडे सोपवले म्हणजे आपली जबाबदारी संपली, असे व्यवस्थापन समितीने गृहीत धरू नये.

स्वस्त दराचा अर्थ

परांचीचे भाडे कोठे नगावर व दिवसावर, तर कोठे झाकल्या जाणाऱ्या भिंतीच्या चौरस फुटांवर आकारले जाते. दोन निविदांच्या दरांत मोठी तफावत असेल, तर स्वस्त दर देणारा कोणती गोष्ट कमी करणार आहे, याचा शोध घ्यावा. पोलादाचा बाजारभाव सर्वांना सारखाच असतो. बचत होते ती पाइपाच्या जाडीत, आडव्या दांड्यांच्या व टायच्या संख्येत, फळ्यांत आणि प्रशिक्षित माणसांच्या मजुरीत. सर्व मजल्यांवर फळ्या न देता दोन-चार फळ्याच कामगारांनी वरखाली हलवायच्या, ही त्यातील नित्याची काटकसर आहे. फळी हलवताना कामगार एका पाइपावर उभा असतो आणि त्या क्षणी त्याच्या पायाखाली दुसरे काहीही नसते.

म्हणून दर मागवण्यापूर्वीच अपेक्षा लेखी द्याव्यात. त्यात पुढील बाबी असाव्यात :

१. पात्र अभियंत्याने सही केलेला आराखडा आणि भाराचा व वाऱ्याचा हिशेब.

२. पाइपाची जाडी, क्लॅम्पचा प्रकार आणि साहित्य कोणत्या भारतीय मानकानुसार आहे, याचा उल्लेख.

३. प्रत्येक कामाच्या पातळीवर पूर्ण रुंदीच्या, दोन्ही टोकांना बांधलेल्या फळ्या. सुमारे १ मीटर उंचीचा कठडा, त्याखाली मधला दांडा आणि अवजारे खाली पडू नयेत म्हणून पायाशी सुमारे १५ सेंटिमीटर उंचीची पट्टी.

४. वर चढण्यासाठी स्वतंत्र शिडी अथवा जिना. तिरक्या दांड्यांवरून चढण्यास मनाई.

५. उभारणी करणाऱ्या कामगारांच्या प्रशिक्षणाचा पुरावा. भारतीय बांधकाम कौशल्य विकास परिषदेच्या अभ्यासक्रमांत स्कॅफोल्डर ही स्वतंत्र भूमिका आहे.

६. उभारणीनंतर आणि त्यानंतर किमान आठवड्यातून एकदा लेखी तपासणी. सुरक्षित असल्यास हिरवी, वापरास मनाई असल्यास लाल चिठ्ठी प्रवेशाच्या जागी.

७. कामगारांच्या नुकसानभरपाईचा आणि त्रयस्थांच्या हानीचा विमा, ज्याची मुदत परांची उतरवून होईपर्यंत असेल.

८. काम थांबल्यास त्या काळातील भाडे कोणी द्यायचे, याचा स्पष्ट उल्लेख.

यांतील शेवटची बाब केवळ आर्थिक वाटते, परंतु तिचा सुरक्षेशी थेट संबंध आहे. निर्बंधांच्या काळातील भाड्याचा भुर्दंड ठेकेदारावर पडणार असेल, तर तो साहित्य दुसरीकडे हलवण्याच्या मोहात पडतो आणि काम सुरू होताच घाई करतो.

प्रत्यक्ष पाहणी

निविदा कितीही नीटनेटकी असली तरी ठेकेदाराचे सध्या सुरू असलेले एखादे काम पाहून येणे सर्वांत उपयुक्त ठरते. तेथे खांबांच्या तळाशी काय आहे ते आधी पाहावे. खांब थेट मातीवर अथवा विटांच्या तुकड्यांवर उभे असतील, तर पुढे पाहण्याची गरज नाही. मातीवर रुंद लाकडी फळी, तिच्यावर बेस प्लेट आणि मग खांब, असा क्रम असावा. पावसाळ्यात पाणी साचून माती खचल्यास एक खांब अधांतरी होतो आणि त्याचा भार शेजारच्या खांबांवर जातो. भूमिगत वाहनतळाच्या छतावर परांची उभी राहणार असेल, तर ते छत हा भार पेलेल काय, हे संरचना अभियंत्याकडून तपासून घ्यावे. गुरुग्रामच्या अनेक संकुलांत अंगणाखाली वाहनतळच असल्याने हा प्रश्न तेथे विशेष महत्त्वाचा आहे.

त्यानंतर कामगारांकडे पाहावे. कमरेचा साधा पट्टा पुरेसा नाही. संपूर्ण शरीराला आधार देणारा, दोन दोऱ्यांचा हार्नेस हवा, म्हणजे एक हूक सोडताना दुसरा अडकवलेला राहतो. हूक कशाला अडकवला आहे, हेही पाहणे महत्त्वाचे. उंच इमारतींच्या रंगकामासाठी परांचीऐवजी छतावरून सोडलेला झुला वापरला जातो. त्यात प्रत्येक कामगाराचा हार्नेस झुल्याला नव्हे, तर छताच्या पक्क्या भागाला बांधलेल्या स्वतंत्र दोराला जोडलेला असला पाहिजे. अन्यथा झुल्याची तार तुटताच पट्टा असूनही त्याचा उपयोग होत नाही.

रहिवाशांनीही काही पथ्ये पाळणे आवश्यक आहे. परांचीखालून जाण्याचा मार्ग बंद करावा अथवा त्यावर मजबूत छप्पर घालावे. मुलांना तेथे खेळू देऊ नये. बाल्कनीतून परांचीवर कपडे वाळत घालणे वा कुंड्या ठेवणे टाळावे. खिडकी उघडण्यास अडथळा होतो म्हणून दांडा काढण्यास कामगाराला सांगणे तर कटाक्षाने टाळावे. तो नकार देण्याच्या स्थितीत नसतो, आणि दांडा काढल्यावर सांगाड्याचे बळ किती घटते, ते वर पाहिलेच आहे.

परांची हा इमारतीच्या दुरुस्तीतील असा खर्च आहे, ज्याचे कोणतेही चिन्ह काम संपल्यावर मागे उरत नाही. त्यामुळेच त्यात काटकसर करण्याचा मोह होतो. परंतु तिच्यावर चढणारा माणूस बहुधा शेकडो किलोमीटर दूरच्या गावाहून आलेला असतो, आराखडा त्याने पाहिलेला नसतो आणि दर ठरवताना त्याचे मत कोणी विचारलेले नसते. फळीवर पाऊल ठेवताना ती आपला भार पेलेल, एवढेच तो गृहीत धरतो. ते गृहीत खरे ठरवण्याची जबाबदारी करारावर सही करणाऱ्या दोन्ही पक्षांची आहे.